अप्पांच्या तळहाताखाली

माझे वडील दारू सोडताना तहानेनं मरायला टेकले होते, आणि घरात माठ भरलेला होता.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर मेसेज येतायत. निर्व्यसनी माणूस गेला, देवमाणूस गेला.

अप्पा असते तर चष्मा काढून हसले असते. निर्व्यसनी कसले, नाकापर्यंत प्यायचे.

त्यांनीच सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर सांग सगळ्यास्नी. कुणाच्या तरी घरात उपेगी पडंल."

म्हणून ही पोस्ट.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमचं भुसार मालाचं दुकान होतं. मी कॉलेजला होते. माझ्या जन्मानंतर अप्पांनी दारू सोडलेली, त्यामुळे मी त्यांना प्यायलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

मंद्रूपला भावकीत लग्न होतं. कुणीतरी ग्लास पुढे केला, अप्पांनी तो घेतला.
एवढंच झालं. मग महिनाभर रोज.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. ती झाल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही.

अप्पांनी त्यात स्वतःचा एक नियम घुसवला होता. प्यायला जाताना लिंग काढून खुंटीला लावायचे, वर शर्ट टांगायचे. अंगावर असताना प्यायलो तर पाप लागेल म्हणून. काय डोकं चालवायचा हा माणूस.

एका दुपारी अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, धुवायला तो शर्ट उचलला.

तिला खाली डबी दिसली. लिंग पदरात घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. अप्पा आले, पदरात काय आहे ते पाहिलं आणि तिथंच खाली बसले.

"आजपासनं बंद," ते म्हणाले.

"आदी पूजा करा. त्याबिगर ह्या घरात पान्याचा थेंब न्हाय मिळायचा."

अप्पांनी लगेच मान डोलावली. शिक्षा मिळाली याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं आणि हात थरथरायला लागला. हातावरून लिंग पडणं म्हणजे आमच्यात घोर पाप. त्यांनी घाईघाईनं ते मुठीत धरलं आणि परत डबीत ठेवलं. पाठ घामानं भिजली होती.

"जमंना," म्हणाले. "मग पानी बी नको मला."

हल्ली याला विथड्रॉअल म्हणतात, गुगल केलं की सापडतं. तेव्हा आम्हाला वाटलं, केल्याची फळं आहेत. अव्वाला तर आतून समाधान वाटत होतं, नवरा नेमानं वागतोय म्हणून. हे नंतर तिनंच मला सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा बसले. नाही जमलं.

तिसरा दिवस उजाडला तोवर ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या, ओठ फुटले होते. मी तांब्या भरून नेला तर त्यांनी तोंड फिरवलं.

"लिंग खुंटीला टांगनाऱ्या मानसाला पानी कशाला, पोरी?"

मी तांब्या परत नेऊन ठेवला. जबरदस्तीनं पाजायला हवं होतं, एवढं कळायचं माझं वय होतं.

दुपारी ते भिंतीकडे बघून म्हणायला लागले, "त्या मुंग्या झाडा की. लिंगावर चढायल्यात."

भिंतीवर काही नव्हतं.

तेव्हा अव्वा उठली. तिनं डबी उघडली, अप्पांचा डावा हात ओढून घेतला, त्यावर लिंग ठेवलं आणि त्या हाताखाली आपला हात धरला.

"दुसऱ्याच्या हातानं चालतंय व्हय?" अप्पा विचारत होते.

"हात तुमचाच हाय. मी नुसती खाली हाय की."

चिमूटभर भस्म, बेलाचं एक पान, वर थोडं पाणी. झाली पूजा.

मग तिनं तांब्या त्यांच्या ओठाला लावला. अव्वा अक्कलकोटकडची, घाबरली की तिला कन्नडच सुचायचं. "नीर कुडीरी, नीर कुडीरी," म्हणत राहिली. पाणी प्या, पाणी प्या.

अप्पा पीत होते आणि रडत होते. ती पण.

टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. दारातच त्यांना फीट आली. सलाइन लागलं, इंजेक्शनं झाली. डॉक्टर अव्वाला म्हणाले, "रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर जीव जातो, बाई. त्यात तुम्ही पाणी तोडलंत?"

ते वाक्य अव्वाच्या कानातून कधी गेलं नाही.

अप्पा वाचले. पुन्हा कधीच प्यायले नाहीत असं लिहिलं तर ते खोटं होईल. एकदा घसरले. पण त्या वेळी अव्वाला सोबत घेऊन स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेले. त्यानंतर मात्र नाही.

अव्वा रोज सकाळी पूजेच्या वेळी त्यांच्या हाताखाली हात धरायची. वर्षानुवर्षं.

"अगं, माजा हात आता हलत न्हाय," अप्पा म्हणायचे.

"माजा हलतोय," ती म्हणायची.

आणि अप्पांनी पाणी प्यायल्याशिवाय ती पाण्याला शिवायची नाही. उन्हाळा असो, ताप असो. अप्पांना ते बघवायचं नाही.

"लिंग मी काडलं. तू कशाला सोसतीस?"

ती नुसता तांब्या त्यांच्यापुढे सरकवायची.

ती गेली त्या सकाळी अप्पांची पूजा व्हायची होती. म्हणजे तहानलेलीच गेली. अप्पा त्या दिवशी हेच एक बोलत होते.

नंतर त्यांच्या हाताखाली माझा हात असायचा.

आज दुपारी अप्पांना समाधी दिली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. खाली उतरवण्याआधी आमच्या स्वामींनी ते ठेवलं, आणि सवयीनं माझा हात खाली गेला.

स्वामी माझ्याकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "ताई, हात काढा आता."

मी काढला.

अप्पांचा हात हलला नाही.

अप्पा, तुम्हाला शेवटचा नमस्कार, शरणार्थ.

अव्वा, आता तू पाणी पी.