डोक्यात चढलेलं मॅग्नेट

माणसाच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ डोक्यात चढलेल्या मॅग्नेटात आहे आणि ते दोन मिनिटांत उतरवता येतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममधल्या ग्राइंडरवर या माझ्या शेजाऱ्यांची हयात गेली. त्या मशीनवर घासायचा लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, धरून ठेवायला खाली पाटाएवढं मॅग्नेट असतं. काम झाल्यावर जॉब उचलला तरी थोडं मॅग्नेट त्याच्यात राहतंच, आणि ते उतरवलं नाही तर तो जाईल तिथला लोखंडाचा कीस अंगाला चिकटवून घेतो. ते उतरवायला इस्त्रीसारखं मुठीचं एक विजेचं यंत्र असतं, त्याला कामगार डिमॅग म्हणतात. निवृत्त होताना शेजाऱ्यांनी भंगारात निघालेलं असलं एक डिमॅग मागून घेतलं, त्याला नवी वायर जोडली आणि ते सरळ माणसांच्या डोक्यांवर फिरवायला सुरुवात केली.

त्यांचा सगळा राग हेडफोनवर. खिशात कायम तपकिरीची डबी, पण आत तपकीर नाही, लोखंडाचा बारीक कीस. शिफ्टच्या बसची वाट बघत कुणी कानात गाणी घालून उभा दिसला की हे त्याचा हेडफोन मागून घेत, वर कागद धरत आणि चिमूटभर कीस भुरभुरवत. अंगावर काटा यावा तसा कीस ताठ उभा राही. हे तुमच्या मेंदूच्या शेजारी बसतंय, एवढं सांगून ते हेडफोन परत करत. माझ्या सुनेच्या नव्याकोऱ्या हेडफोनवर हा प्रयोग त्यांनी घाईत कागदाशिवायच केला. कीस जाळीत शिरला तो आजतागायत निघालेला नाही, आणि ते दिसले की सूनबाई अजून पर्स छातीशी धरते.

डोकं दुखतं म्हणणारा तर आयताच सापडे. त्याला खुर्चीत बसवून आधी गंभीरपणे विचारत, "छातीत मशीन नाय ना बसवलेलं?" कारण पेसमेकरवाल्याजवळ डिमॅग न्यायचं नसतं, हे ते कसोशीनं पाळत. मग घड्याळ काढायला लावत, डिमॅग सुरू करत, ते घूं घूं करत डोक्याभोवती फिरवत आणि चालूच ठेवून सावकाश हातभर मागं नेत. मीही एकदा भिडेखातर बसलो. डोकं होतं तसंच राहिलं, पण वरच्या खिशातलं एटीएम कार्ड कायमचं कामातून गेलं. बँकेतल्या बाईंना त्याचं कारण सांगताना एका निवृत्त विज्ञान शिक्षकावर जी वेळ आली, ती वैऱ्यावर येऊ नये. वसाहतीतल्या बायका त्या प्रकाराला दृष्ट काढणं म्हणत, मी अडाणीपणा म्हणत असे, आणि हसण्यात सगळ्यांच्या पुढं मीच होतो. त्याची मला आज लाज वाटते.

कारण त्या घरात वहिनी होत्या, आणि वहिनी एकेक गोष्ट विसरत चालल्या होत्या. शेजाऱ्यांची पुष्कळ वर्षं तिसऱ्या शिफ्टमध्ये गेली. सकाळी येऊन ते झोपायचे आणि तेव्हाच वहिनींच्या मालिका लागायच्या. बायकोला टीव्ही बंद कर म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी गुलमंडीवरून एक लांब वायरचा हेडफोन आणला आणि स्वतःच्या हातानं तिच्या कानांवर बसवला. निवडणं, टिपणं, मेथी खुडणं, सगळं वहिनी तो लावूनच करायच्या. पुढं भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, भाजी आणायला गेलेल्या वहिनींना गल्ली सापडेना, मला त्या आपला बिडकीनचा भाऊ समजून माहेरची खुशाली विचारू लागल्या. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा विसरण्याचा आजार आहे, तो बरा होत नाही, वाढतच जातो. शेजाऱ्यांना मात्र ग्राइंडरवरची अक्कल आठवली. डोकं मॅग्नेटाला लागलं, न उतरवता तसंच राहिलं, कीस धरला. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते वहिनींना खुर्चीत बसवत, त्यांच्या केसांतल्या पिना एकेक करून काढत आणि डिमॅग फिरवत. भिंतीपलीकडून तो आवाज आला की मी घड्याळ लावून घ्यावं इतका तो नेमका असे.

एका सकाळी ते माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहिले. वहिनींनी त्यांना चहा दिला होता आणि विचारलं होतं, तुम्ही कोणाकडं आलात.

"सर, तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले. "खरं सांगा. माझ्या हातनं झालं का हे?"

मी त्यांना बसवलं आणि जन्मभर वर्गात शिकवलं तसं नीट समजावलं. हेडफोनमधलं मॅग्नेट नखाएवढं, दोन बोटांवर त्याचा जोर संपतो, त्यानं मेंदूला असं काही होत नाही. तुम्ही तर पाटाएवढ्या मॅग्नेटावर वाकून जन्म काढलात, तसं होत असतं तर वहिनींच्या आधी तुम्हीच सगळं विसरला असता. हे शेवटचं त्यांना पटलं. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मी डोळ्यांनी बघितलं, आणि आपण किती चांगलं काम केलं म्हणून मनात खूशही झालो.

"म्हंजे माझा दोष नाय," ते म्हणाले.

"अजिबात नाही."

त्यांनी हातातल्या डबीचं झाकण उघडलं, मिटलं. मग हळूच म्हणाले, "पण सर, मॅग्नेट चढलंच नसंल, तर मग मी उतरवू काय?"

इतकी वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, कुणाचा प्रश्न इतका सरळ नव्हता. त्यांच्या डोक्यावरचा दोष काढताना मी त्यांच्या हातातला उपायही काढून घेतला होता.

दोन दिवस भिंतीपलीकडं शांतता होती. ती मला सोसवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी घूं घूं सुरू झालं आणि मी धावत गेलो. वहिनी आपण होऊन खुर्चीत येऊन बसल्या होत्या. पोटची लेक त्या विसरल्या होत्या, नवऱ्याचं तोंड विसरल्या होत्या, पण केसांतल्या पिना स्वतः काढून त्यांनी ओच्यात ठेवल्या होत्या आणि मान खाली घातली होती. शेजारी माझ्याकडे न बघता डिमॅग फिरवत राहिले. त्यानंतर त्यांनी हेडफोनचं नावही काढलं नाही, पण वहिनींना खुर्चीत बसवायचं एक दिवसही चुकवलं नाही.

या हिवाळ्यात वहिनी गेल्या. तेरावं झालं, लेक सासरी परतली, डिमॅग कपाटात गेलं. आता सकाळी भिंतीपलीकडं काहीच वाजत नाही. आठ-दहा दिवस मी ते ऐकत बसलो आणि मग एका सकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, की डोकं जड झालंय, जरा बघता का.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ह्यानं काय होत नाय, सर. तुम्हीच सांगितलंय."

"हो, मीच सांगितलंय," मी म्हणालो आणि एटीएम कार्ड खिशातून काढून टीपॉयवर ठेवलं. घड्याळही काढलं.

"छातीत मशीन नाय ना?"

"नाही."

"मग मान खाली करा."

मी मान खाली घातली. डिमॅग सुरू झालं आणि डोक्याभोवती सावकाश फिरलं. मग ते चालू ठेवूनच ते मागं मागं सरकत गेले, वायर पुरेल तिथपर्यंत. अजून चालूच का ठेवलंय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू लांब न्यायचं असतं. वायर केव्हाच ताणली गेली होती, पण त्यांनी किती तरी वेळ बटण बंद केलं नाही.