डाव्या चाकातली घूं घूं

पनवेलला ह्यांचा दवाखाना जरा मार्गी लागला तेव्हा आम्ही एक जुनी गाडी घेतली. युद्धाच्या आधीची, काळी. दारं जोरात आपटल्याशिवाय लागत नसत. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची आणि सायकलवरून जाता-येता ह्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. रविवारी मीही बरोबर जायची. घरात सतत माणसांचा राबता. नवऱ्याशी मोकळेपणी बोलायचं तर ती गाडीच.

पण त्या वर्षी गाडीत बसलं की हे बोलेनासे झाले. मी काही विचारावं, तर ह्यांची नजर रस्त्यावर. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला येणार ना, असं एका फेरीत तीनदा विचारलं. उत्तर नाही. मग मीही विचारायचं सोडलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मनात नको नको ते यायचं.

अशी गप्प बसलेली असतानाच मला तो आवाज ऐकू आला. गाडीने वेग घेतला की घूं घूं सुरू व्हायचं, वेग उतरला की विरून जायचं. मी ह्यांचा दंड हलवून मोठ्यांदा म्हटलं, “अहो, गाडी घुमतेय!”

“कुठे? काही नाही,” हे म्हणाले.

दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी शिरढोणहून परतताना मीच हट्टाने गाडी पळस्प्याच्या गॅरेजवर थांबवायला लावली. तिथले मिस्त्री म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, “आवाज कुणी ऐकला?”

“मी.”

“मग बाई, तुम्ही पुढे बसा. साहेब, तुम्ही मागे.”

मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी पळवली आणि मग अलगद उजवीकडे घेतली. “आता?”

“वाढला.”

डावीकडे घेतली. “आता?”

“कमी झाला.”

“उजवीकडे वळलं की सगळा भार डाव्या चाकावर येतो,” ते म्हणाले. “पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय.”

“मला तर काहीच ऐकू आलं नाही,” मागून हे म्हणाले.

गॅरेजवर आल्यावर मिस्त्रींनी जॅक लावून ते चाक उचललं आणि हाताने गरकन फिरवलं. “या साहेब, कान लावा.”

हे उकिडवे बसले, डावा कान चाकाजवळ नेला. “नाही बुवा.”

मिस्त्री क्षणभर ह्यांच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळुवारपणे म्हणाले, “दुसरा लावून बघा.”

ह्यांनी मान वळवली. मिस्त्रींनी पुन्हा चाक फिरवलं आणि ह्यांचा चेहरा एकदम उतरला. “खरखरतंय की,” हे पुटपुटले. मग मनगटावरचं घड्याळ काढून आधी डाव्या कानाशी धरलं, मग उजव्या, आणि पुन्हा डाव्या. कितीतरी वेळ ते घड्याळ डाव्या कानापाशीच होतं. मिस्त्री पाना शोधायच्या निमित्ताने आत निघून गेले.

नवं बेअरिंग मुंबईहून आणावं लागणार होतं. तोवर गाडी हळू चालवा, असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं. थोडं पुढे आल्यावर ह्यांनी एका चिंचेखाली इंजिन बंद केलं आणि पूर्ण माझ्याकडे वळून बसले.

“तू गाडीत माझ्याशी बोलायचीस?”

“दर रविवारी. तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत.”

“मला वाटायचं, तूच अबोला धरलायस. मूल नाही म्हणून मला दोष देत असशील.” ह्यांनी डाव्या कानाला हात लावला. “स्टेथोस्कोप दोन्ही कानांत असतो गं. माझं मलाच कळलं नाही.”

मला रडू कोसळलं. ह्यांनी माझा हात धरून ठेवला. समोरून बैलगाडी घेऊन येणारा एक शेतकरी थांबून विचारू लागला, “डाक्टर, गाडी बंद पडली काय? आमी धक्का मारू?”

“नाय, नाय,” हे त्याच्याच बोलीत हसून म्हणाले, “चालू हाय.”

मुंबईच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उजवा कान जपा. त्यानंतर मी गाडीत पुढे, ह्यांच्या डाव्या हाताला बसायचं सोडलं. मागच्या सीटवर ह्यांच्या बरोबर पाठीमागे बसायची आणि पुढे वाकून उजव्या कानाशी बोलायची. बाजारपेठेत बायका म्हणायच्या, डॉक्टरीणबाईंचा तोरा बघा, नवऱ्यालाच ड्रायव्हर केलंय. मी कुणालाच काही सांगितलं नाही. मला तेवढ्या वेळात सगळ्या आठवड्याचं बोलून घ्यायचं असायचं.