उत्तराची वाट किती पाहायची

त्या काळात मी सांगलीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात प्रोग्रॅमर होतो. ही पदवी माझी मीच घेतली होती. मालक पाठीमागे मला पोरगं म्हणत आणि गिऱ्हाइकासमोर ‘आमचे इंजिनिअर’. साताऱ्यात एक कोर्स केला होता, त्यातलं निम्मं विसरलो होतो, पण तेव्हा कॉम्प्युटरला हात लावणारी माणसंच इतकी थोडी होती की उरलेल्या निम्म्यावर रुबाब चालायचा. वासरात लंगडी गाय शहाणी.

माझं मुख्य काम बॅच फाईली लिहिण्याचं. बॅच फाईल म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची हुकमांची चिठ्ठी. आधी हे कर, मग ते कर, मध्येच माणसाला विचार, तो काय म्हणतो ते बघ आणि त्याप्रमाणे इकडे नाहीतर तिकडे जा. यातली ‘माणसाला विचार’ ही ओळ मला फार आवडायची. काळ्या पडद्यावर प्रश्न यायचा, पुसायचं का, होय असेल तर वाय दाबा, नाही तर एन. समोर बसलेला माणूस कितीही मोठा असो, तिथं त्याचं बोट थबकायचं. मी लिहिलेल्या एका ओळीपुढे लोक थबकतात याची मला गंमत वाटे.

त्या प्रश्नाची एक खोड होती. कॉम्प्युटर होयला एक नंबर देई आणि नाहीला दोन. मग त्याला ‘एक आला का?’ असं विचारलं, तर दोन आला असला तरी तो आला म्हणे. एक किंवा एकाहून जास्त, त्याच्या लेखी सगळं सारखंच. म्हणून आधी दोन तपासायचा, मग एक. म्हणजे आधी माणूस नाही म्हणाला का ते बघायचं, आणि नसेल म्हणाला तरच होयच्या वाटेनं जायचं. नवशिके इथं हमखास आपटायचे. माणसानं नाही म्हणावं आणि तरी फाईल पुसली जावी! मीही एकदा आपटलो होतो, पण नंतर ही खोड मीच शोधून काढल्यासारखा इतरांना शिकवत फिरायचो.

मालकांचं दुखणं वेगळंच होतं. ‘तुझा प्रश्न पडद्यावर आणि ऑपरेटर चहाला,’ ते म्हणाले. ‘मशीन काय तोपर्यंत वरातीची वाट बघत बसणार?’ त्यावरही सोय होती. इतके सेकंद थांब, कुणी काही दाबलं नाही तर अमुक उत्तर धर, असं सांगून ठेवता यायचं. मी दहा सेकंद टाकले आणि उत्तर होय. होयच का, हे मला मालकांनी विचारलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही. काम पुढं सरकायचं तर होयच लागतं, एवढी माझी अक्कल.

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले. आमचं घर साताऱ्याला, गोडोलीत. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. स्थळ त्यांच्याच पलटणीतल्या एका जोडीदारानं आणलेलं, मुलगा फौजेत, शेती, घर बांधलेलं, नाव ठेवायला जागा नाही. एकच गोष्ट त्यांनी आधी सांगितली होती: मुलीनं नोकरीबिकरी करायची नाही. आणि नेमका बहिणीचा मिरजेला नर्सिंगला नंबर लागलेला. त्याचा फॉर्म मीच मिरजेहून आणून दिला होता. ती म्हणायची, ‘दादा, तू सांगलीत, मी मिरजेत. दर ऐतवारी डबा घिऊन येईन तुला.’

चहापोहे झाले. पाहुण्यांनी पसंती कळवली आणि आमच्याकडच्या उत्तराची वाट बघत बाहेरच्या खोलीत बसून राहिले. आमच्याकडे अशा वेळी घरातलं कुणीतरी आत जाऊन मुलीला विचारून येतं. एरवी ते काम आई किंवा वहिनी करते. आण्णा मला म्हणाले, ‘तूच जा रं. तुझं ऐकती ती.’

ती मोरीपाशी बसून कपबशा विसळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, ‘काय गं, पसंत आहे ना?’ तिनं वर पाहिलं नाही. एक बशी धुतली, पालथी घातली, दुसरी घेतली. बाहेर आण्णा खाकरले. मी आईकडे पाहिलं, तर ती हळू आवाजात म्हणाली, ‘पोरी कुटं त्वांडानं व्हय म्हणत्यात का? गप हाय म्हंजी हाय पसंत.’

मी बाहेर आलो आणि पसंत आहे म्हणून सांगितलं. कुणीतरी साखरेची वाटी पुढं केली. आण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप मला बरी वाटली. दुसरी गोष्ट याहून वाईट आहे, तीही सांगतो. सांगलीत मी कॉट बेसिसवर राहत होतो, रविवारी मित्रांबरोबर घाटावर टवाळक्या करत बसायचो. बहीण मिरजेत आली असती तर तिची सगळी जबाबदारी माझ्यावर पडली असती. बाहेरच्या खोलीत ते दोन शब्द बोलताना मला आतून थोडं सुटल्यासारखं झालं होतं.

साखरपुडा झाला, लग्नाची तारीख धरली आणि मी सांगलीला परत आलो.

तिकडे आमच्या दुकानाकडे एका वाचनालयाचं काम होतं. सगळ्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची. टाईप करायला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई यायच्या. दोन बोटांनी टाईप करायच्या, पण चूक अशी नाही. लाकडी खणातलं एकेक कार्ड काढायचं, चष्मा वर करून वाचायचं, खाली करून टाईप करायचं. दिवसाचं काम झालं की माझी बॅच फाईल चालवायची. ती यादीची नक्कल फ्लॉपीवर उतरवी आणि शेवटी विचारी, मशीनमधली यादी पुसायची का? फ्लॉपीवर नक्कल नीट उतरली असेल तरच होय म्हणायचं, हे मी त्यांना दोनदा समजावलं होतं. त्यांनी ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंही होतं.

एका दुपारी त्यांचा फोन आला. ‘अहो, फ्लॉपी काहीतरी कुरकुर करतीये, आणि तो खाली पुसू का म्हणून विचारतोय. मी कशालाही हात लावलेला नाही. काय दाबू?’

मी काय सांगणार? ग्रंथपालांच्या टेबलापर्यंत त्या चालत आल्या, फोन फिरवला, मला बोलावून घेतलं, एवढ्यात दहा सेकंद केव्हाच उलटून गेले होते. तरी सायकल हाणत गेलो. फ्लॉपी खराब निघाली, आधीची नक्कल त्याच फ्लॉपीवर होती, आणि मशीनमधली यादी पुसली गेली होती. कित्येक दुपारींचं काम.

बाई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, हात मांडीवर घेऊन, जणू हात पुढं केला तर आणखी काही बिघडेल. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांना फक्त कळत नव्हतं. ‘मी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘विचार करत होते. मग त्यानं होय कसं धरलं?’

‘त्याला तसं सांगून ठेवलंय.’

‘कुणी?’

‘मी.’

‘हां,’ त्या म्हणाल्या. ‘मग मशीन बिघडलेलं नाही म्हणायचं.’ आणि उठून पहिला खण ओढायला गेल्या.

त्यांच्यादेखत मी फाईल दुरुस्त केली. एकच अक्षर बदलायचं होतं. वाय होता तिथं एन. कुणी काही बोललं नाही तर काहीही पुसू नकोस, आहे तसं राहू दे. एवढं सोपं होतं. ते अक्षर टाईप करताना मला मोरीपाशी बसलेली बहीण दिसली, आणि असा काही घाम फुटला की बाई पंख्याचं बटण शोधायला लागल्या. मी पाणी प्यायलो आणि मालकांना न विचारताच स्टँडवर जाऊन साताऱ्याची गाडी पकडली.

गाडीत बसून मनातल्या मनात आण्णांशी भांडत होतो. त्यांनी तिला एकदा नीट विचारायला काय झालं होतं? आईनं तसं कशाला म्हणावं? इस्लामपूर येईपर्यंत सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं. मग फोडायला दुसरं कुणी उरलं नाही. बाकीच्यांनी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला होता, पण त्या अर्थाचा शब्द करून पाहुण्यांच्या हातात दिला तो मीच. एखादा तासभर तरी थांबा, असं मला म्हणता आलं असतं. पाहुणे काही उठून पळत नव्हते.

घरी पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. आई शेजारणीबरोबर कुठंतरी गेलेली, आण्णा मिलिटरी कँटीनला. बहीण पडवीत सूप घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत होती. मला बघून आधी खूश झाली, मग माझ्या तोंडाकडे बघून सूप खाली ठेवलं. ‘काय झालं रं दादा?’

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ‘तुला हे लग्न करायचंय का? खरं सांग. मी बसलोय. घाई नाही.’

या वेळी मी खरंच थांबलो. तिनं सूप परत घेतलं, खडा काढला, टाकला, पुन्हा काढला. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली. माझे पाय बधिर झाले तरी हललो नाही, हललो तर ती उत्तर गिळून टाकेल असं वाटत होतं.

‘त्या दिशी तू दारात हुतास,’ ती म्हणाली. ‘एक पाय भाईर हुता तुजा. मला वाटलं, आत येशील, माज्याजवळ बसशील, मग सांगंन. कपबश्या दोन-दोन येळा धुतल्या मी.’

मला रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून खाली बघत म्हणालो, ‘मग आता सांग.’

‘न्हाई म्हणलं, तर काय करशील?’

हा प्रश्न मला येईल असं गाडीत कुठंच वाटलं नव्हतं. विचारायचं कसं याचीच तयारी करून आलो होतो. आण्णांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पलटणीतल्या जोडीदाराला दिलेला शब्द, छापायला टाकलेल्या पत्रिका, गावातल्या भावकीची तोंडं. आणि मिरजेच्या नर्सिंगची फी, हॉस्टेल, दर रविवार, ते आता आण्णांकडे न मागता मलाच निभावायला लागेल, हेही आलं. मी आण्णांना सांगेन, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण शब्दाच्या आधी मी हिशेब करत बसलो, आणि ती माझ्याकडेच बघत होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. मी जेवढा थांबलो होतो, त्याहून कमीच असेल.

‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट मलाच धीर दिल्यासारखा होता. ‘पसंत हाय म्हणून सांगितलंयस न्हवं? तसंच आसू दे.’

‘अगं, मी सांगतो त्यांना, खरंच,’ मी म्हणालो. बोललो खरा, पण तोपर्यंत ती सूप झटकून उठली होती.

फाटकापाशी आण्णांची सायकल वाजली. हँडलला कँटीनच्या पिशव्या लटकत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला. ‘कसा काय आलास रं मदीच? काय काम हुतं?’

बहीण दारातच थांबली. आत गेली नाही. सूप हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि आण्णाही उत्तरासाठी थांबले होते.

‘बस्त्याला यावं म्हटलं,’ मी म्हणालो. ‘कपडे घ्यायला मी असलेला बरा.’