धाहरानहून दिलेले एक मत

कुमुदताई टिपणीसांना मी पहिल्यांदा भेटले ती एका भारतीय शाळेच्या शिक्षकखोलीत. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरची ती शाळा. मी दाभोळच्या खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन आलेली, चार माणसांत तोंड उघडायला बिचकणारी. नुकतीच हिंदी शिकवायला लागले होते. ताई वरच्या वर्गांना भूगोल शिकवत. त्यांनी माझे गाव विचारले. आम्ही सगळे सांगतो तसे मी "दापोलीजवळ" असे सांगितले.

"जवळ म्हणजे कुठं? गावाचं नाव सांगा ना," त्या म्हणाल्या.

मी नाव सांगितले. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "तिथं उघडी घरं किती राहिली आहेत?"

निम्म्या घरांना कुलपे आहेत, पुरुष सगळे इकडे आखातात आहेत, असे मी म्हणाले. त्यावर त्यांनी विचारले, "मग उघड्या घरांत कोण राहतं?" हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी सांगत गेले. आमच्या सासूबाई, शेजारची खतीजाबी, तिचा आंधळा दीर, मशिदीतले मौलवी. तास संपल्याची घंटा झाली तरी ताई ऐकत होत्या.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांची सहकारी आणि नंतर विद्यार्थिनी. मला लिहायचे आहे ते युद्धाच्या त्या हिवाळ्याबद्दल, कारण ताई काय आहेत हे मला तेव्हा कळले.

तरुणपणी ताई अमेरिकेत शिकायला गेल्या होत्या. तिथल्या मैदानी मुलखातली एक काउंटी त्यांनी प्रबंधासाठी निवडली. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग. त्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेले छोटे मंडळ पाहते. रस्ते, शाळा, दवाखाना, सगळे त्या मंडळाच्या हातात. त्या काउंटीतली तरुण माणसे शहराकडे जात होती आणि मागे राहिलेली माणसे उरल्यासुरल्या सोयींवरून एकमेकांशी भांडत होती. ताईंनी तिथे एका शेतकरी कुटुंबात राहून हे सारे पाहिले आणि लिहिले. पुढे लग्न झाले. माधवरावांना तेल कंपनीत नोकरी लागली आणि दोघे धाहरानच्या वसाहतीत आले. एवढी शिकलेली बाई तिथे मुलांना नकाशे भरायला शिकवत होती. त्याबद्दल कुरकुर करताना मी त्यांना कधी ऐकले नाही.

इराकने कुवेत घेतले आणि आमच्याकडे सगळे बदलले. रस्त्यांवर लष्करी गाड्या दिसू लागल्या. वर्गातली बाके रिकामी होत गेली. माझे यजमान इक्बाल यांच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या जामिनावर परदेशी माणूस तिथे काम करतो त्या मालकाने, आमचे पासपोर्ट हातात दिले आणि जायचे तर खुशाल जा म्हणून सांगितले. पण मला दिवस गेले होते आणि आधी एकदा त्रास झाल्यामुळे डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नव्हते. इक्बाल म्हणाले, "मी काय तुला टाकून जातंय? र्‍हवू दोघंव."

वसाहतीतल्या लोकांना विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे मिळाले होते. बाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ते कुठे मिळतील हे कळत नव्हते. एका दुपारी ताई आणि माधवराव शेजारच्या खोबर शहरातल्या आमच्या खोलीवर आले. ताईंनी आपला मुखवटा माझ्या मांडीवर ठेवला.

"मला चष्म्यावर तो बसतच नाही. पडून राहण्यापेक्षा तुझ्याकडे असू दे," त्या म्हणाल्या. मग इक्बालकडे वळून म्हणाल्या, "आणि हिला आमच्याकडे पाठवा. आमच्या घरापासून रुग्णालय जवळ आहे."

अशी मी त्यांच्या घरी राहायला गेले. इक्बाल दुकान सांभाळून संध्याकाळी येऊन जात.

त्याआधी शरदात वसाहतीतली कुटुंबे सुट्टीच्या दिवशी अमेरिकन सैनिकांना जेवायला बोलवत असत. ताईंकडे एका शुक्रवारी तिघे आले होते, तेव्हा मदतीला मीही गेले होते. त्यांत लॉरा नावाची एक सार्जंट होती. ती राखीव दलातली. लष्कराचे अवजड ट्रक चालवायची. पुऱ्या तिने आवडीने खाल्ल्या. तुमचे घर कुठे, असे ताईंनी विचारल्यावर ती हसून म्हणाली, "तुम्ही नाव ऐकलं नसेल. तिथं कोणी येत नाही." मग तिने काउंटीचे नाव सांगितले. ताईंच्या प्रबंधातली तीच काउंटी.

ताईंनी हातातला डाव खाली ठेवला. "नदीच्या अलीकडचं घर की पलीकडचं?"

लॉरा त्यांच्याकडे बघतच राहिली. "पलीकडचं. धान्याच्या कोठारांजवळ."

"तिथं एक पांढरं चर्च होतं."

"होतं. पाडलं ते," लॉरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर रजा मिळेल तेव्हा लॉरा येऊ लागली. तिच्यावर दुहेरी ओझे आहे हे आम्हाला हळूहळू समजले. ती त्या काउंटीच्या मंडळाची निवडून आलेली सदस्य होती. मंडळात तिघेच. काउंटीत एकच रुग्णालय होते आणि ते चालवणे झेपत नव्हते. अध्यक्षांना ते साफ बंद करायचे होते. दुसऱ्या सदस्याला ते होते तसे चालू ठेवायचे होते. लॉरा हे रुग्णालय वाचवीन असे वचन देऊन निवडून आली होती. पण तिला तिसराच मार्ग दिसत होता. बाळंतपणे आणि शस्त्रक्रिया सोडून द्यायच्या, पण तातडीचा कक्ष आणि रुग्णवाहिका शेजारच्या काउंटीच्या मदतीने टिकवायची. त्यात तिचे वचन मोडत होते.

तिने ताईंना विचारले, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मत तुमचं आहे," ताई म्हणाल्या. "मी तिथं राहत नाही. मी फक्त विचारू शकते." आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. कोण कोण राहिले आहे, कोणाला गाडी चालवता येते, बर्फ पडल्यावर कुठला रस्ता आधी बंद होतो. लॉरा एकेका घराचे नाव घेऊन उत्तरे देत गेली. बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली. माझे पोट तेव्हा दिसू लागले होते.

"तुला कशाची भीती वाटते?" तिने विचारले.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "बाळ कुठल्या इमारतीत जन्मेल याची नाही. वेळेला गाडी आली नाही तर, याची वाटते."



युद्ध सुरू झाले आणि क्षेपणास्त्रे येऊ लागली. त्याच दिवसांत काउंटीच्या बैठकीचा दिवस आला. मंडळाच्या वकिलाने लॉराला फोनवरून मत द्यायची मुभा दिली होती आणि तिच्या अधिकाऱ्याने थोड्या वेळाची रजा. तिकडे सकाळ, इकडे सूर्यास्ताची मगरिबची अजान होऊन गेलेली. ताईंच्या बैठकीच्या खोलीत फोनच्या स्पीकरवर ते दूरचे सभागृह ऐकू येत होते. खुर्च्या सरकत होत्या, कोणी खोकत होते. लोक बरेच जमले होते.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "या काउंटीवर परदेशातल्या एका बाईंनी अभ्यास केला होता. आपली माणसं जात राहणार, हे त्यांनी तेव्हाच लिहिलं. ओस पडणाऱ्या जागेत रुग्णालय कशाला?"

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी लॉराकडे पाहिले. लॉराने फोनकडे बोट केले.

"अध्यक्षमहाराज, त्या बाई मीच," ताई म्हणाल्या. "माणसं जातील, असं मी लिहिलं आणि ती गेली. पण जे मागं राहतील त्यांना डॉक्टर कमी लागेल, असं मी लिहिलं नव्हतं. राहिलेल्यांबद्दल मी फार थोडं लिहिलं. ती माझी चूक आहे. तिचा आधार घेऊन निर्णय करू नका."

कोणीतरी काही बोलू लागले, तेवढ्यात आमच्याकडे सायरन सुरू झाला.

"तो कसला आवाज?" अध्यक्षांनी विचारले.

"सायरन आहे," लॉरा म्हणाली.

"लॉरा, फोन ठेव. मतदान पुढं ढकलू."

"नाही. आता घ्या. मला पुन्हा कधी रजा मिळेल, ठाऊक नाही."

माधवराव आतल्या खोलीचे दार धरून उभे होते. त्या खोलीच्या फटी आम्ही चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. तिकडे एकेकाचे नाव पुकारले गेले. लॉराने आपले मत सांगितले. तातडीचा कक्ष आणि रुग्णवाहिका ठेवायची, बाकीचे सोडायचे. सभागृहात गलका झाला. एक बाई रडत तिला खोटारडी म्हणाली. ते ऐकून घेऊन लॉराने फोन न तोडता रिसीव्हर उचलून टेबलावर ठेवला आणि मग आपला मुखवटा चढवला.

ताईंनी मला आत ओढले. त्यांनी माझ्या तोंडावर मुखवटा बसवला, पट्टे आवळले आणि स्वतः ओला टॉवेल तोंडाला धरून माझ्याजवळ बसल्या. चष्मा डोळ्यांवर तसाच होता. दुसऱ्या हाताने त्यांनी माझा हात धरला होता. एक मोठा धमाका झाला, तावदाने थरथरली आणि पोटात बाळ हलले. मी त्यांचा हात तिथे नेऊन ठेवला. आम्ही तशाच बसून राहिलो.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर आम्ही बाहेर आलो. रिसीव्हर टेबलावर तसाच होता. त्यातून बारीक आवाज येत होता. तिकडे कोणीही उठून गेले नव्हते. एक म्हातारी बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, "कोणी आहे का तिथं? बोला, कोणी आहे का?"

ताईंनी रिसीव्हर कानाला लावला. "आहोत," त्या म्हणाल्या. "सगळे आहोत."

ताईंचा आवाज कापलेला मी तेव्हा एकदाच ऐकला.

त्या बैठकीत दुसऱ्या सदस्याने शेवटी लॉराच्या बाजूने मत दिले. लॉरा युद्धातून सुखरूप परतली. पुढच्या निवडणुकीत ती पडली. गावातले काही लोक तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. कक्ष मात्र आजही चालू आहे, असे ताई सांगतात. माझी मुलगी युद्ध संपता संपता जन्मली. त्या दिवशी इक्बालला तपासणी नाक्यावर थांबावे लागले, तेव्हा बाळंतपणाच्या खोलीच्या दारापाशी उभ्या होत्या त्या ताईच.

नंतर ताई त्या काउंटीत पुन्हा गेल्या. मागे राहिलेल्या घरांत फिरल्या आणि आपल्या जुन्या अभ्यासाला त्यांनी एक नवे प्रकरण जोडले. जुन्या मजकुरातली वाक्ये बदलून टाका, असे प्रकाशकांनी सुचवले होते. ताईंनी ऐकले नाही. "जे लिहिलं ते लिहिलं. लोकांना दिसू दे. त्याच्यापुढं लिहू," त्या म्हणाल्या.

आम्ही भारतात परतल्यावर त्यांनी मला शिकायला बसवले. मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि मला वाटत होते, आता कसला अभ्यास. मी माझ्याच खाडीकाठच्या गावांवर काम केले. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, 'गाव ओस पडले आहे.' ताईंनी त्या ओळीखाली रेघ मारली.

"मग तिथं तुला चहा कोणी दिला?" त्यांनी विचारले.

मी पुन्हा गावात गेले. कुलपे पाहणे थांबवून उघड्या दारांत बसले. माझ्या कामात जे काही चांगले आहे ते तिथून आले. ताईंच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाकडे अशी एखादी रेघ असेल.

आता त्यांचे गुडघे दुखतात. माधवराव गेल्यापासून घरात त्या एकट्याच असतात. तरी कोणी नवा विद्यार्थी आला की त्याला आधी जेवायला वाढतात आणि मग प्रश्न विचारतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा त्या रत्नागिरीकडच्या एका गावाला जायचे म्हणून पिशवी भरत होत्या. तिथली प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद होणार आहे. "उरलेली मुलं कोणाची आहेत, ते तरी बघून येते," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, ताई, आता आराम करा. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी उठून त्यांची औषधे पिशवीत घातली आणि सोबत निघाले.

मी रोजच्या नमाजात ताईंसाठी दुआ मागते. त्यांचे गुडघे चालते राहोत, नजर शाबूत राहो, आणि ज्या ज्या दारात त्या जाऊन उभ्या राहतील, तिथे आतून कोणीतरी "या" म्हणायला असो. अशी पुष्कळ वर्षे त्यांना लाभोत, आणि त्या प्रवासांत पिशवी धरायला आम्ही असू.