ओटाभर तांदुळजा

खुरपायला गेलेल्या बाईनं रानातली भाजी घरी न्यायची, याला आमच्याकडं कधी कुणी हरकत घेतली नाही. पीक मालकाचं, पण ज्या बाईच्या पातीत, तिच्या वाट्याच्या ओळीत, तांदुळजा, घोळ, पाथरी निघेल ती तिची. दिवसभर उकिडवं बसून खुरपायचं आणि घरी जाताना लुगड्याचा ओटा भरून न्यायचा. देवगाव रंगारीच्या रानात माझं सगळं आयुष्य यात गेलं. खुरपणीचं मला कौतुक नाही. माझे दोन्ही गुडघे तिनं खाल्ले. पण भाजी मला ओळखता येत होती. कोणती कोवळी, कोणती जून, कोणत्या पानाला कीड, हे उपटण्याआधी कळायचं.

आता मी शहरात, चिकलठाण्याला नातवाकडं राहते. नातू कंपनीत जातो. गेल्या श्रावणात नातसुनेला सातवा महिना होता. तिच्या तोंडाला चव नव्हती, भाकरीचा तुकडा घ्यायची आणि ताट सारायची. त्याच सुमारास रेशनकार्डाला अंगठा द्यायला मला गावी जावं लागलं. एक रात्र पुतण्याच्या घरी राहिले. सकाळी तो कामाला कन्नडला गेला, त्याची बायको धुण्याला बसली, आणि मी पाय मोकळे करायला त्याच्या कपाशीत गेले.

कपाशी गुडघ्याएवढी होती आणि गवत तिच्या बरोबरीनं. मला रागच आला. एवढं गवत आमच्या टोळीनं ठेवलं असतं तर मालकानं बांधावरून शिव्या घातल्या असत्या. रानात एकही बाई नव्हती. बाया का नाहीत, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. मला वाटलं, पुतण्या आळशी झाला. मग बांधाकडच्या तासात, कपाशीच्या शेवटच्या ओळीत, तांदुळजा दिसला. रुंद पानांचा, कोवळा, पानावर दव. पोटुशी बाईला तांदुळजा चांगला, आम्ही सगळ्यांनी तोच खाल्ला. मी ओटाभर खुडला. कुणाला सांगितलं नाही. गवत कोण विचारून नेतं?

दुपारच्या बसनं घरी आले. संध्याकाळी लसूण-मिरची घालून भाजी केली. नातसून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आजी, नीट धुतली ना?"

"रानातली भाजी हाय, नाल्यातली नाय," मी म्हणाले. "शहरातल्या पोरी तुम्ही. मातीला भेता."

ती हसली. त्या रात्री तिनं दीड भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी उरलेली भाजी तिनं स्वतःच मागून घेतली. नातू म्हणाला, "आजीच्या हाताला चव हाय." मी फुगले.

आठ-नऊ दिवसांनी पुतण्या मक्याची कणसं घेऊन आला. चहा पिता पिता त्यानं मोबाइलवर रानाचे फोटो दाखवले. कपाशी काळीभोर उभी, आणि तिच्या मधलं सगळं गवत पिवळं, वाळून आडवं झालेलं.

"बघ काकू. एक बाई लावली नाय. नवं बियाणं हाय. वरून औषध मारायचं, गवत मरतं, कपाशीला काय होत नाय. बियाण्यातच तशी सोय असती."

"बियाणं दुकानातून आणलं?"

"दुकानात नाय मिळत. सरकारची परवानगी नाय त्याला. पावती नाय, बॉक्स नाय. पण सगळं गाव लावतं."

फोटोत बांधाकडचं तास दिसत होतं. मी विचारलं, "औषध कवा मारलंस?"

"तू आलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी."

"मी गेले तवा गवत हिरवं होतं."

"हिरवंच राहतं काकू पाच-सहा दिवस. औषध पानातून मुळात जातं, मग हळूहळू पिवळं पडतं." एवढं बोलून त्यानं कप खाली ठेवला. "तू रानात गेलती? काय आणलं तर नाय ना तिथनं?"

नातसून बाजूला कणसं सोलत बसली होती. तिनं वर बघितलं. मला खोटं बोलता आलं असतं. पुतण्या समजून गप्प बसला असता. पण पोट तिचं होतं. मी तिला म्हणाले, "मी तांदुळजा आणला होता. तूच खाल्लास, दोन येळा."

तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय. विचारलं होतंस."

पुतण्या गडबडला. "सूनबाई, भिऊ नका. लई सौम्य औषध हाय ते. दुकानदार म्हणतो, मिठाएवढंसुद्धा वाईट नाय."

"मग तू पी," मी म्हणाले. त्यानं मोबाइल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी नातू तिला दवाखान्यात घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, ठोके ऐकवले, सगळं ठीक आहे म्हणाल्या. मी विचारलं, भाजीतलं औषध बाळापर्यंत जातं का? त्या म्हणाल्या, "आजी, किती गेलं, काय गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पुढं काळजी घ्या." मला राग आला नाही. खोटा धीर देण्यापेक्षा बरं.

पुतण्याकडून मी रिकामी बाटली मागवून घेतली. मी चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं. बाटलीला चिकटवलेला घडीचा कागद उन्हात धरून दोन दिवस वाचला. अक्षर मुंगीएवढं. औषध कुठं मारायचं, त्यात चहाचे मळे होते, पीक नसलेली जागा होती. कापूस हा शब्द कुठंच नव्हता. तोंड झाकून मारावं असं होतं. मारलेल्या रानातली भाजी बाईनं खाल्ली तर काय होतं, हे नव्हतं. लिहिणाऱ्याला अशी बाई असते हेच माहीत नसावं.

पुतण्याला फोन करून मी म्हणाले, निदान बांधावर एक फडकं तरी लावत जा, औषध मारलंय म्हणून. तो म्हणाला, "कुणासाठी काकू? रानात येतं कोण आता? बाया सगळ्या तुमच्या चिकलठाण्याला कंपन्यांत पॅकिंगला जातात." ते खरं होतं. मला त्याच्यावर धड चिडताही येईना. आमच्यातल्या एकीलाही आपल्या लेकीनं खुरपं धरावं असं वाटलं नव्हतं. त्याला बाया मिळत नाहीत, आणि बायांना रान नको.

आणि पहिलं सगळं चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. माझं दुसरं लेकरू नऊ महिन्यांचं होऊन गेलं. त्याच्या वेळी मी रानातलंच खात होते, कुणी कसलं औषध मारत नव्हतं. ते का गेलं हेही कुणी सांगितलं नाही. फरक एवढाच, की त्याला मी माझ्या हातानं काही वाईट खाऊ घातलं नव्हतं.

त्यानंतर नातसून माझ्या हातचं जेवेनाशी झाली. भांडली नाही. "आजी, तुम्ही बसा, मी करते," एवढंच म्हणायची. नातवानं मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, मनाला लावून घेऊ नको, ती भेलीय." मी म्हणाले, "भ्यायलाच पाहिजे." मी तिच्या जागी असते तर अशा बाईला घरात ठेवलं नसतं.

कार्तिकात तिला मुलगी झाली. वजन कमी भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्याच मुलांचं भरतं, तिनं मधे जेवण टाकलं होतं. विहीणबाई म्हणाल्या, आमच्यात सगळी बारकीच जन्मतात. सगळ्यांनी आपापलं कारण सांगितलं. माझं कारण कुणी बोललं नाही, पण बाळ तराजूत ठेवलं तेव्हा नातसुनेनं माझ्याकडं बघितलं. पोर उद्या शाळेत मागं पडली, तिला खोकला झाला, तिचे केस गळाले, तरी मी तो तांदुळजा आठवणार, आणि कुणी व्हय म्हणणार नाही, नाय म्हणणार नाही.

वैशाखात पोरीला वरचं अन्न सुरू केलं. नातसुनेनं बाजारातून पालकाची जुडी आणली. बऱ्याच दिवसांनी तिनं मला विचारलं, "आजी, ही चांगली हाय का? तुम्हाला कळतं."

तिला माझ्याशी पुन्हा बोलायचं होतं, हे मला समजलं. मी जुडी हातात घेतली. पान कोवळं होतं, कीड नव्हती. पूर्वी मी यालाच चांगली म्हणाले असते. आता कीड का नाही, हे मला माहीत नव्हतं. कुणाच्या रानातली, त्यावर काय मारलं, कोणत्या दिवशी, हे विकणाऱ्यालासुद्धा माहीत नसेल.

"मला नाय कळत," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातून जुडी घेतली, मिठाच्या पाण्यात तीनदा धुतली, डाळीत शिजवून घोटली. पोर भुकेली होती. तिनं पहिला घास थुंकला, दुसरा गिळला, आणि तिसऱ्यासाठी तोंड उघडलं. आम्ही दोघी तिच्याकडं बघत बसलो.