जागा राहिलेला कोआला

आमच्या मालकांनी कोआला आणले तेव्हा मी जेद्दाच्या उत्तरेला, थुवालकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या फार्मवर जनावरांचा डॉक्टर होतो. लातूरकडे म्हशी तपासून हात बसलेला मी माणूस. इथे उंट, ससाणे आणि हौसेनं पाळलेली हरणं सांभाळत होतो. कोआला फक्त चित्रात पाहिले होते. एक नर आला, एक मादी, आणि मादीच्या पोटपिशवीत काहीतरी हलत होतं.

"यांचे कागद कुठे आहेत?" मी व्यवस्थापकाला विचारलं. तो इजिप्तचा. इंग्रजीत अरबी मिसळून बोलायचा, आवाज कधी चढवायचा नाही.

"दुक्तूर, तुम्ही प्राण्यांकडे बघा," तो म्हणाला. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, याच मालकांच्या नावावर होता. मी प्राण्यांकडे बघायला लागलो.

त्यांच्यासाठी काचेची मोठी खोली बांधली होती. आत गारवा, आणि फांद्या उभ्या करून केलेली खोटी झाडं. बाहेर उन्हानं वाळू पांढरी पडलेली असायची. दोघं बेचक्यात बसून दिवसभर झोपायची. ते आळसानं नव्हे. निलगिरीचा पाला हे त्यांचं एकमेव खाणं, आणि त्यात कस कमी, विष जास्त. ते विष पचवण्यातच त्यांचं सगळं बळ जातं. पाणीही ती पानांतूनच घेतात. तोडलेली पानं ताटात वाढली तर त्यांना ते अन्नच वाटत नाही. पान फांदीवर असायला हवं, आणि तेसुद्धा हुंगून, पारखून मगच खातात. संध्याकाळ झाली की नर छातीचा तपकिरी डाग खोडावर घासायचा आणि घोरणाऱ्या रेड्यासारखा आवाज काढायचा. हरणं तेवढ्यानं कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची.

पाला विमानानं यायचा, थंड खोक्यांत. एकदा खोकी विमानतळावर अडकली. सुटून आली तेव्हा पानं काळी पडली होती आणि त्यांना आंबूस वास मारत होता. नरानं हुंगून मान फिरवली. मादीनं आतली हिरवी राहिलेली थोडी पानं वेचून खाल्ली. पुढच्या खेपेचं कोणी नक्की सांगेना.

मग नर जागा राहू लागला. भर दुपारी खाली उतरायचा, जमिनीवर चालायचा, पाण्याच्या पसरट भांड्याशी बसून पाणी प्यायचा. व्यवस्थापक खूश झाला. "शेवटी उठला! शुक्रवारी मालकांकडे पाहुणे आहेत."

"कोआला पाणी पितो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं," मी म्हणालो. "तो भुकेला आहे. म्हणून खाली उतरतोय."

"पाहुण्यांना हे सांगायचं नाही," तो शांतपणे म्हणाला.

शुक्रवारी पाहुणे आले. माझी बायको जेद्दाच्या एका इस्पितळात नर्स आहे; तिला सुट्टी होती, म्हणून तीही आली होती. मुलं काचेला नाक लावून उभी होती. नर काचेपाशी आला आणि पुढचे दोन्ही पाय टेकून त्यांच्याकडे बघत राहिला. सगळे फोटो काढत होते. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, हा बघत नाहीये. वॉर्डात असे डोळे दिसले की आम्ही नातेवाइकांना बोलावून घेतो."

मी तिथूनच मालकांकडे गेलो. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. माझं सगळं ऐकून त्यांनी हातातला कॉफीचा छोटा पेला खाली ठेवला. "त्याला काय पाहिजे?"

"ताजा पाला."

"मग आणा."

जुन्या शेतांच्या बाजूला वाऱ्याला आडोसा म्हणून कोणीतरी निलगिरीची रांग लावली होती. व्यवस्थापक त्या झाडांना काफूर म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आरतीचा कापूर आठवला, आणि लगेच कापूर लागतो ती दुसरी वेळही आठवली. वरच्या फांद्या हाताला येईनात. खालून छाटलेल्या बुंध्यांना कोवळे, लुसलुशीत फुटवे आले होते. माणसं तेच कापायला लागली.

"ते नको," मी म्हणालो. "कोवळ्या पाल्यात विष जास्त असू शकतं. जून पानं काढा, शिडी आणा."

शिडी आणली. जून पानांच्या फांद्या मी स्वतः खोलीत बांधल्या. मादीनं हुंगलं, सावकाश खायला सुरुवात केली. नर वर चढला नाही. मी अंधार पडेपर्यंत थांबलो आणि घरी गेलो.

सकाळी आलो तर खोलीत आणखी फांद्या होत्या, कोवळ्या, अर्ध्या खाल्लेल्या. नर त्यांच्या खाली बसल्या जागी पुढे कलंडला होता. एका पायाच्या नख्या अजून खोडात रुतलेल्या होत्या. मला त्या एकेक करून सोडवाव्या लागल्या.

"जून पाला तो खात नव्हता," व्यवस्थापक दारातून म्हणाला. "हा खाल्ला. मला वाटलं, बरा होईल." त्याचा आवाज पहिल्यांदाच कापरा झालेला मी ऐकला. मग तो आत येऊन उरलेल्या फांद्या गोळा करू लागला. "खलास. कोणाला सांगायचं नाही."

मी तपासणीसाठी नमुने मागितले. मिळाले नाहीत. दुपारपर्यंत हरणांच्या कुंपणामागे खड्डा बुजवलेला होता.

मालकांना मी लेखी दिलं की मादीला इथे ठेवलं तर तीही जाईल. ते पानभर इंग्रजी त्यांनी माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचलं. तोवर पिल्लाचं डोकं पिशवीबाहेर यायला लागलं होतं. त्या वयात ते आईच्या आतड्यातला मऊ मळ खातं. पाला पचवायची ताकद त्यातूनच त्याला मिळते. आई उपाशी राहिली तर पिल्लाला पुढे पाला पचणारच नाही. मालक एवढंच म्हणाले, "पाठवू."

कुठे, ते सांगितलं नाही. एका पहाटे गाडी आली. मादीला फांदीसकट पिंजऱ्यात ठेवताना तिनं डोळे उघडले नाहीत, फक्त पकड घट्ट केली. गाडीबरोबर आलेल्या दोघांना मी ओळखत नव्हतो. "पाणी पिताना दिसली तर लगेच डॉक्टरला दाखवा," मी इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"पोचल्यावर कळवा," मी म्हणालो.

"यल्ला, चला," ड्रायव्हर म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मी बरेच दिवस व्यवस्थापकाला विचारत राहिलो. मग एकदा तो म्हणाला, "दुक्तूर, तुम्ही आता उंटांकडे बघा." काचेच्या खोलीत गारवा अजून चालूच होता.