बारा दिवस आधीची छबील

गुरमीतनं फोनवर सोळा जून सांगितलं होतं. मी त्याला दुरुस्त केलं. "अरे, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी चार तारखेलाच आहे, कॅलेंडर माझ्या समोर टांगलंय," असं म्हणून मी एका शिखाला त्याच्याच सणाची तारीख शिकवली आणि फोन ठेवून दिला. तो पलीकडून काहीतरी बोलत होता, पण एसटीडीचा फोन, किती वेळ ऐकणार.

बालाघाट ही माझी सासुरवाडी. सासू-सासरे आता नाहीत, घरही विकलं, पण शेजार राहिला. गुरमीत आणि त्याचे वडील, म्हणजे दार्जी (पंजाबीत वडिलांना असं म्हणतात), हा तो शेजार. गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवशी तिथं छबील लागते. भर उन्हात रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गार गोड सरबत पाजायचं, जात-गाव विचारायचं नाही. आमच्या घरून दरवर्षी गुलाब सरबताच्या बारा बाटल्या जातात. त्या वर्षी बायकोच्या शाळेत प्रवेशांची गडबड होती, म्हणून खोकं घेऊन मी एकटाच निघालो. साल दोन हजार तीन.

गोंदियापर्यंत मोठी गाडी, पुढं छोटी लाइन. डबा एवढा अरुंद की खोकं मांडीवर आणि त्यावर माझी हनुवटी. समोरच्या धोतरवाल्या आजोबांनी विचारलं, "दारू हाय काय?"

"नाही हो, सरबत."

"हौ, सारे असंच म्हन्तेत."

बाघ नदीचा पूल गेला, मध्य प्रदेश लागला, धानाच्या बांध्या उन्हानं भेगाळलेल्या. बालाघाटला उतरून घामेघूम होत बसस्टँडवर पोचलो. छबील दरवर्षी तिथंच लागते. तिथं एक गाय उभी होती, बाकी काही नाही.

टायरच्या दुकानातून एक सरदारजी बाहेर आले. गुरुद्वाऱ्याच्या कमिटीतले. "छबील? वो तो सोलह को है जी." त्यांची नजर खोक्यावर गेली. "आप कहाँ से?"

"महाराष्ट्र से."

"नांदेड से?" त्यांचा चेहरा एकदम कडक झाला.

तेव्हा कुठं उलगडा झाला. त्याच वर्षी पंजाबात नवी नानकशाही जंत्री, म्हणजे शिखांचं स्वतःचं कॅलेंडर, लागू झाली होती आणि इथल्या कमिटीनं ती स्वीकारली होती. चंद्राच्या तिथ्या बंद, सूर्याच्या ठरलेल्या तारखा सुरू. शहीदी दिवस दरवर्षी सोळा जूनलाच. नांदेडकडचे मात्र जुन्या तिथीवर ठाम होते. आणि नेमक्या जुन्या तिथीला, महाराष्ट्रातून, बारा बाटल्या घेऊन मी हजर! मी नागपूरचा, वीज मंडळातला कारकून, हे सांगितलं. त्यांना ते पटल्याचं दिसलं नाही.

गुरमीतच्या गल्लीत शिरलो तर फाटकाशी दार्जी एकटेच. पांढरी पगडी, पंच्याहत्तरी ओलांडलेली, समोर ओलं पोतं गुंडाळलेला पिंप, आणि हातात हातभर लांब पळी. दार्जींची मराठी माझ्या सासऱ्यांच्या ओट्यावर शिकलेली.

"ये जवाईबापू. तुले तरी तिथी आठवली."

गुरमीत कमिटीचा सचिव. बाप-लेकात आठ दिवस बोलणं नव्हतं. जेवायला चिन्नोरचा वासाचा भात आणि राजमा होता. दोघं माझ्या दोन बाजूंना बसले आणि माझ्यामार्फत भांडले.

"याले विचार जवाईबापू, सोळा तारखेले मिरीग (मृग नक्षत्र) लागलेला राहते. पावसात शरबत कोन पिईल?"

"त्यायले सांग, मागच्या साली अधिक महिन्यानं त्यायची तिथीबी मिरगातच गेलती. अन् दरसाल दुसऱ्याच्या पंचांगात आपला दिवस काहून पाहाचा?"

"माझ्या बापानं याच तिथीले पानी पाजलं. तेव्हा कोनती जंत्री होती?"

मी भात कालवत राहिलो. दोघांचंही बरोबर वाटत होतं, आणि हे कुणालाच सांगायची सोय नव्हती.

दार्जी उठल्यावर गुरमीत हळूच म्हणाला, "आपली घरं जेमतेम चाळीस. आज दोन छबिली, उद्या दोन लंगर. मंग पोरीबाळी देतानाही इचारतील, तुमी कोन्या तारखेचे." त्याचा घास हातातच राहिला होता.

दुपारी सुरुवात झाली. माझ्याकडं पेले विसळायचं काम आलं. पहिल्याच बाटलीचं झाकण उघडताना निम्मं सरबत शर्टावर घेतल्यामुळं बढती मिळायची आशा नव्हती. रिक्षावाले आले, लांजीच्या बसमधले लोक उतरून आले, लामत्याचा एक शेतकरी सायकल टेकवून तीन पेले प्यायला. त्या चाळीस घरांतलं मात्र कुणी फिरकलं नाही. दार्जी पाजत होते आणि मधून मधून गल्लीच्या टोकाकडं पाहत होते. तीस वर्षं गावातला पहिला पेला त्यांच्या हातून जात आला होता.

चारच्या सुमारास गुरमीत घरातून निघाला. मला वाटलं, गुरुद्वाऱ्यात चालला. तो रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला, एका विटा वाहणाऱ्या बाईच्या मागं.

रांग सरकली. तो समोर आला तसा दार्जींचा हात थांबला. मी विसळलेला पेला पुढं केला. गुरमीतनं तो घेतला नाही. वाकून ओंजळ धरली.

"कमिटीकडून नाही आलो," तो पिंपाकडं बघत म्हणाला. "तहान लागली."

दार्जींनी ओंजळ भरली. तो प्यायला. पुन्हा भरली. मग दार्जी म्हणाले, "चल पुत्तर, पुढं सरक. मागं लाइन हाय."

गुरमीत बाजूला झाला आणि माझ्या शेजारी बसून पेले विसळू लागला. थोड्या वेळानं टायरवाले सरदारजी बायकोसह आले. त्यांनाही म्हणे फक्त तहान लागली होती. संध्याकाळपर्यंत त्या चाळीस घरांतल्या पुष्कळांना तहान लागली.

लग्नात घोड्यावर बसून या गावात शिरलो तेव्हा मी घोडा उधळेल की काय या काळजीत होतो. बालाघाटचा जावई असल्याचा अभिमान खरा वाटला तो त्या दिवशी, चिकट शर्टात, नालीकाठी उकिडवा बसलेलो असताना.

परत आलो. सतराला गुरमीतचा फोन आला. या वेळी मी मध्ये बोललो नाही. तो म्हणाला, सोळाला सकाळपासून पाऊस होता. बसस्टँडवर ताडपत्रीखाली कमिटीची छबील लागली. दार्जी छत्री घेऊन रांगेत उभे राहिले, लेकाच्या हातून एक पेला प्यायले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, साखर कमी हाय.

"गुरमीतला फार लागलं असेल," मी बायकोला म्हणालो.

"लागते कायले?" ती म्हणाली. "साखर कमी म्हनले ना दार्जी? मंग पुढल्या सालापासून दोन्ही दिवस शरबत तेच ढवळतेत, पाहा तुमी. मी चोवीस बाटल्या सांगून ठेवते."